जिन्याच्या वजनाचं पान

१. तेरानंतर पंधरा

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी फाइल उघडली, तेव्हा तेराव्या पानानंतर थेट पंधरावं पान आलं.

मी मागेपुढे उलटून पाहिलं. फाइल झटकून पाहिली. चौदावं पान नव्हतं. कुणी ते फाडलेलंही नव्हतं. फाइलची दोरी सोडून, पान अलगद काढून, दोरी पुन्हा नीट बांधून ठेवली होती.

"झालं का, ताई?" समोरच्या खुर्चीतून मुकादमांनी विचारलं. "सेंटरिंगच्या फळ्यांवर पाणी मारून झालंय. माणसं घमेली घेऊन उभी आहेत. साहेबांची परवानगी हातात पडली की मिक्सर चालू."

मी नुसतीच हसले.

आमचं ऑफिस म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. लोक घर बांधतात, शाळा बांधतात, आणि त्या इमारती उभ्या राहाव्यात म्हणून किती जाड स्लॅब, किती सळ्या, हे आम्ही ठरवून देतो. ऑफिस बाबांचं. मी दोन वर्षांपूर्वी शिकून आले, तेव्हापासून त्यांच्या हाताखाली. सध्या काम चाललं होतं एका वाचनालयाचं, आणि त्याचा जिना हे मी एकटीनं केलेलं पहिलं काम होतं. बाबा भेटेल त्याला सांगत सुटले होते, "जिना आमच्या लेकीनं केलाय हं!"

चौदावं पान त्याच जिन्याचं. जिन्याचं स्वतःचं वजन किती, त्याचा हिशेब. आमच्या भाषेत डेड लोड. माणसं येतात आणि जातात, हे वजन मात्र जिना पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अंगावर वागवतो.

आणि बाबांचा नियम पक्का होता. फाइलमधलं एक जरी पान कमी असेल, तर काँक्रीट टाकायची परवानगी नाही. देव खाली आला तरी नाही.

मी आतल्या खोलीच्या दाराशी गेले.

"बाबा, चौदावं पान कुणीतरी काढून नेलंय."

२. आत्याचा प्रश्न

बाबांनी आधी कपाट पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग फोन उचलून आत्याला बोलावलं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एकतीस वर्षं तिनं सरकारी बांधकाम खात्यात दुसऱ्यांची गणितं तपासली. तिच्या लाल पेन्सिलीला भलेभले वचकून असत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तिला वर्तमानपत्रातली आकडेवारीसुद्धा बेरीज करून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, पण आत्या त्यांना अजून बाळ म्हणते.

वीस मिनिटांत ती हजर झाली. पर्समधून चष्मा काढला आणि फाइल पुढ्यात ओढली.

"अगं, एवढं काय त्यात," बाबा म्हणाले. "पोरगी पाच मिनिटांत पान परत लिहील. मी सही करतो. तू फक्त कोणी नेलं तेवढं बघ."

"बाळ, जरा गप्प बस," आत्या म्हणाली. "ते पान का गेलं हे कळल्याशिवाय परत लिहून काय उपयोग?" मग माझ्याकडे वळून, "तरी पण लिही गं तू. जसं आधी लिहिलं होतंस, अगदी तसंच."

मी कोरा कागद घेतला. सगळं तोंडपाठ होतं. पायऱ्यांखालचा तिरका स्लॅब, जाडी पंधरा सेंटिमीटर, एक घनमीटर काँक्रीटचं वजन अडीच हजार किलो. म्हणजे चौरस मीटरला तीनशे पंचाहत्तर. त्यावर पायऱ्या. पायरी पंधरा सेंटिमीटर उंच, पण ती त्रिकोणी, म्हणून सरासरी जाडी निम्मी धरायची, एकशे अठ्ठ्याऐंशी. फरशी आणि खालचा गिलावा मिळून शंभर. एकूण चौरस मीटरला सहाशे त्रेसष्ट किलो.

आत्यानं पंधरावं पान उघडलं. ते होतं जिन्याच्या मधल्या लँडिंगखालच्या बीमचं. जिन्याचं वजन त्या बीमवर येतं, म्हणून त्याच्या पहिल्याच ओळीत चौदाव्या पानावरचा आकडा उतरवलेला होता. सहाशे त्रेसष्ट. जुळला.

मी सुटकेचा श्वास सोडला. आत्यानं मात्र माझा कागद बराच वेळ हातात धरून ठेवला.

"एक सांग," ती हळूच म्हणाली. "तुझा जिना आडवा आहे का गं?"

३. तीन पाहुणे

मला कळायला एक क्षण लागला, आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली.

आम्ही सगळी वजनं धरतो ती जमिनीवरच्या मापानं. दुपारी बाराच्या उन्हात जिन्याची सावली पडावी, तेवढं माप. माझ्या जिन्याची ती सावली तीन मीटर लांब होती. पण स्लॅब तर तिरका. चढावर चढत जाणारा तो स्लॅब मोजला तर भरतो तीन मीटर पस्तीस सेंटिमीटर. मी वजन धरलं होतं सावलीचं. वरचे पस्तीस सेंटिमीटर काँक्रीट माझ्या कागदावर नव्हतंच.

आत्यानं तिथेच गुणाकार केला. तीनशे पंचाहत्तरचे झाले चारशे एकोणीस. एकूण सहाशे त्रेसष्टऐवजी सातशे सात.

"चौरस मीटरला चव्वेचाळीस किलो," ती म्हणाली. "एका बाजूच्या पायऱ्या साडेचार चौरस मीटर. म्हणजे दोनशे किलोला दोन कमी. तीन माणसं कायमची तुझ्या पायऱ्यांवर उभी आहेत, आणि तू त्यांना मोजलंच नाहीस."

बाबा खुर्चीत बसले. हरवलेल्या पानावर खाली त्यांची सही होती. "मी बेरीज पाहिली होती," ते पुटपुटले. "बेरीज बरोबर होती."

मला वाटलं, आता सगळे हेच म्हणणार की चूक लपवायला पान मीच काढलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती बाहेरच्या खोलीत जाऊन बसली आणि एकेकाला समोर बोलावू लागली. मी शेजारी उभी.

पहिले मुकादम. सकाळी पावणेनऊपासून ते फाइलशेजारीच बसलेले होते.

"फाइल उघडलीत?"

"बाई, मला अक्षर लागतं ते सळ्यांच्या यादीपुरतं," मुकादम म्हणाले. "त्या आकड्यांच्या जंगलात मी कशाला शिरू? आणि पान काढून माझीच पंचाईत करून घेऊ? अकरा माणसं उभी आहेत तिकडे. एक तर मिक्सरवर बसून गाणी म्हणायला लागलाय. त्याचा आवाज ऐकलात तर आत्ताच परवानगी द्याल."

आत्या हसली. मुकादम बाहेर जाऊन ऑफिसच्या जिन्याच्या कठड्याला टेकले.

मग आल्या आर्किटेक्ट बाई. काँक्रीट पडताना पाहायला म्हणून त्या साइटवर चालल्या होत्या, निरोप मिळाला तशा इकडे वळल्या. सोमवारी चार वाजता त्यांनी फाइल इथे बसून वाचली होती.

"तेव्हा चौदावं पान होतं?"

"होतं ना! त्याच्यावरून तर माझं डोकं फिरलं," बाई फटकन म्हणाल्या. "पायऱ्यांवर मला जाड दगड हवा होता, चार सेंटिमीटरचा. काय देखणा दिसला असता! आणि पानाच्या तळाशी या तुमच्या मुलीनं लिहिलेलं, दोन सेंटिमीटरपेक्षा जाड फरशी चालणार नाही."

"मग पान नाहीसं झालं तर तुमचं बरंच."

बाई मोकळं हसल्या. "तसं असतं तर मला ड्रॉइंगही चोरावं लागलं असतं. तीच सूचना तुमच्या नकाशाकाकांनी एवढ्या मोठ्या अक्षरांत ड्रॉइंगवर लिहिलीय. चोरी करायची तर निदान नीट तरी करीन."

शेवटी नकाशाकाका. सव्वीस वर्षं ते आमच्याकडे ड्रॉइंग काढतात. मी चौथीत असताना पेन्सिलीला टोक कसं करायचं ते त्यांनीच मला शिकवलं. ऑफिसची एक किल्ली त्यांच्याकडे असते आणि सकाळी साडेआठला ते दार उघडतात. आत्यासमोर ते खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

"काका, फाइल तुमच्याकडे कधी होती?"

"शुक्रवारी दुपारपासून शनिवारपर्यंत. ड्रॉइंग काढायला लागते ना. सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवली, सहीसाठी."

"गणितात काही खटकलं?"

"मला गणितातलं काय कळतं? मी रेघा मारणारा माणूस."

"बरं. तिरक्या स्लॅबमधली सळी किती लांब काढलीत?"

"तीन पस्तीस," काका लगेच म्हणाले. "टोकं वाकवायची ती वेगळी."

आत्यानं मान हलवली. काका उठून आपल्या टेबलाकडे गेले. मला वाटलं ती आता काही बोलेल. पण तिनं पंधरावं पान फाइलमधून सोडवलं, खिडकीपाशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं.

"बाळ," तिनं हाक मारली. "इकडे ये. या पानावर असं काहीतरी काढलंय, जे या पानावर नाही."

४. उमटलेला त्रिकोण

आम्ही दोघं तिच्या खांद्यावरून वाकून पाहायला लागलो.

समोरून पाहिलं तर पान साधंच होतं. पण तिरक्या उजेडात उजव्या कोपऱ्यात कागदावर दाबाच्या रेघा उमटलेल्या दिसत होत्या. वरच्या पानावर कोणी कडक पेन्सिलीनं काही काढलं की खालच्या पानावर उमटतं, तशा. त्या रेघांचा त्रिकोण होता. एक बाजू आडवी, एक उभी, आणि त्यांना जोडणारी तिरकी. आडवीखाली तीस, उभीशेजारी पंधरा. आणि तिरकीच्या वर एक छोटंसं प्रश्नचिन्ह.

"ही तर पायरी आहे," मी म्हणाले. "तीस सेंटिमीटर रुंद, पंधरा उंच. आणि तिरकी बाजू म्हणजे..."

"म्हणजे तू विसरलेली लांबी," आत्या म्हणाली. "कुणीतरी तुझ्या चौदाव्या पानावर हा त्रिकोण काढून ठेवला होता. सही व्हायच्या आधी की नंतर, बाळ?"

बाबांचा चेहरा उतरला. "सोमवारी सही करताना कोपऱ्यात काहीतरी पाहिलं होतं मी. वाटलं, पोरीनं सहज खरडलं असेल. सही मारून पुढे गेलो."

"म्हणजे आधी. आता सगळ्यांना आत बोलाव."

५. दुरुस्त न करता येणारी चूक

मुकादम दाराशी, आर्किटेक्ट बाई खिडकीत, काका आपल्या ड्रॉइंगच्या टेबलापाशी, बाबा आणि मी मधोमध. आत्या खुर्चीवर बसून शांतपणे बोलायला लागली.

"पान नेणाऱ्याला चूक लपवायची होती, असं पहिल्यांदा वाटतं. पण मग त्यानं पंधरावं पान का ठेवलं? तोच चुकीचा आकडा तिथे पहिल्या ओळीत बसलाय. चूक लपवणाऱ्यानं दोन्ही पानं नेली असती. आणि पोरीनं किंवा बाळनं नेलं असतं, तर त्यांना न्यायची तरी काय गरज? बरोबर आकडे घालून नवं पान लिहायचं, फाइलमध्ये ठेवायचं, की काम झालं. दोघांना तो अधिकार आहे. कुणाला पत्ता लागला नसता."

म्हणजे ती माझ्यावर संशय घेत नव्हती.

"मुकादमांना आज काँक्रीट टाकायचंय, त्यांचं पानामुळे अडलंय. बाईंना दगड हवाय, पण त्यांचा अडसर ड्रॉइंगवरही लिहिलेला आहे. मग पान गेल्यामुळे नक्की झालं काय? एकच गोष्ट झाली. काँक्रीट थांबलं. बाळचा नियम सगळ्या ऑफिसला माहीत आहे. म्हणजे नेणाऱ्याला तेच हवं होतं. त्याला चूक दिसली होती, पण ती दुरुस्त करायचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. आधी त्यानं कोपऱ्यात त्रिकोण काढून पाहिला. कुणाचं लक्ष गेलं नाही, वर सहीसुद्धा झाली. मग त्याच्यापुढे एवढाच रस्ता उरला."

तिनं पंधरावं पान पुन्हा उजेडात धरलं.

"आता हा त्रिकोण पाहा. आम्ही गणितवाले त्रिकोण हातानं काढतो, वेडावाकडा. हा गुण्या लावून काढलाय, आणि तिन्ही कोपऱ्यांत रेघा एकमेकींना किंचित ओलांडून गेल्यात. जुने ड्रॉइंग काढणारे कोपरा असाच पक्का करतात. शिवाय या फाइलमध्ये जिन्याची तिरकी लांबी मोजली होती ती एकाच माणसानं. त्याला सळी कापायची होती, म्हणून त्यानं ती मोजली. विचारल्याबरोबर आकडा सांगितला."

मग नकाशाकाकांनी आपल्या टेबलावर पसरलेल्या मोठ्या ड्रॉइंगची कड उचलली, आणि त्याखालून चौदावं पान काढून आत्यापुढे ठेवलं. घडी नाही, डाग नाही. कोपऱ्यात तो त्रिकोण.

"नष्ट नव्हतो करणार," ते म्हणाले. "संध्याकाळी परत लावणार होतो. वाटलं, पान नाही म्हटल्यावर ताई परत लिहायला बसतील, आणि लिहिताना त्यांच्याच लक्षात येईल."

"नाही आलं, काका," मी म्हणाले. "मी तीच चूक परत लिहिली."

"पण सांगितलं का नाही?" बाबांचा आवाज चढला. "सव्वीस वर्षं इथे आहात! सरळ येऊन सांगायचं!"

काका म्हणाले, "सांगितलं होतं एकदा. त्या शाळेच्या गच्चीच्या वेळी. तुम्ही म्हणालात, तुम्ही रेघा मारा, गणित आमच्यावर सोडा. चार लोक बसले होते समोर."

"कधीची गोष्ट ही?"

"झाली की अकरा वर्षं." काका अवघडून हसले. "आणि यावेळी तर ताईंचं पहिलं काम. तुम्ही एवढे खुशीत. मला नाही जमलं तोंड उघडायला."

बाबांना ती शाळा आठवत होती की नाही कोण जाणे, पण ते खुर्चीतून उठले आणि काकांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. त्यांनी काकांची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

"चुकलो मी," ते शेवटी म्हणाले. "तेव्हाही आणि काल सही करतानाही."

"अहो साहेब, असू द्या," काका म्हणाले. दोघंही इतके अवघडले होते की मुकादमांनाच राहवलं नाही.

"ते सगळं ठीक आहे," ते दारातून म्हणाले, "पण माझा जिना टाकायचा की नाही?"

६. एक सळी जास्त

मी सातशे सात घेऊन सगळं पुन्हा मांडलं. या वेळी आत्या शेजारी बसली होती, पण लाल पेन्सिल तिनं पर्समधून काढली नाही. जिन्याचा स्लॅब तरला, त्यात आधीच पुरेशी सळी होती. लँडिंगखालचा बीम मात्र थोडक्यात कमी पडत होता. लगेच कोसळला असता असं नाही, आत्या म्हणाली, पण पुढे पन्नास वर्षं लोक पुस्तकं घेऊन त्यावरून जाणार, तर त्याला हक्काचं जे आहे ते मिळायला हवं.

खालच्या बाजूनं एक सळी वाढवायची, एवढंच. काँक्रीट अजून पडलं नव्हतं, म्हणून एवढंच.

काकांनी ड्रॉइंगमध्ये सळी घातली. मुकादम ते ड्रॉइंग घेऊन गेले आणि अर्ध्या तासात परत फोन, "बसवली. या बघायला." आम्ही सगळेच गेलो. बाबा गुडघ्यांवर बसून सेंटरिंगमध्ये डोकावले, सळ्या बोटानं मोजल्या, मग काकांना म्हणाले, "तुम्हीही मोजा." काकांनी मोजल्या. दोघांचा आकडा जुळल्यावर बाबांनी परवानगीवर सही केली आणि कागद काकांपुढे धरला.

"मी कशाला?" काका म्हणाले.

"मी पाहिलं ते पाहिलं. तुम्ही पाहिलंत ते कुठे लिहायचं?"

काकांनी सही केली. मिक्सर सुरू झाला आणि तो गाणारा माणूसही. मुकादम त्याच्याविषयी खोटं बोलले नव्हते. आर्किटेक्ट बाई कानांवर हात ठेवून हसत होत्या. संध्याकाळी पाचच्या आत जिना वरपर्यंत भरून झाला आणि काँक्रीटच्या ओल्या पायऱ्या उन्हात चमकायला लागल्या. मी खाली उभी राहून पाहत होते. चुकले होते, सर्वांसमोर चुकले होते, आणि तरी इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

महिनाभरानंतरची गोष्ट. मी एका दवाखान्याच्या गच्चीचं गणित करून फाइल काकांकडे दिली होती. दुपारी ते ती घेऊन माझ्या टेबलाशी आले. बाहेर दोन लोक बसले होते, तरी ते मोठ्यानं म्हणाले, "ताई, इथे चुकलंय. पाण्याची टाकी तुम्ही धरलीत, पण आतलं पाणी धरलंच नाही."

मी पान उलटलं, मग आणखी एक. नवव्या पानावर पाणी होतं, भरलेल्या टाकीचं, काठोकाठ. मी काकांना दाखवलं. त्यांनी ओळीवरून बोट फिरवत सगळं वाचलं, बेरीजही करून पाहिली.

"काय झालं हो?" आतून बाबांनी विचारलं. "काय चुकलंय?"

"काही नाही, साहेब!" काका सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडले, आणि एवढ्या वर्षांत मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "चुकलो मीच!"